मोठ्या जातीचे पिल्लू: बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांपैकी एखादे पिल्लू घरी येते, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक चिठ्ठीही येते. ब्रीडरने नाहीतर पेट शॉपवाल्याने लिहून दिलेली. सकाळी दूध-सेरेलॅक, दुपारी चिकन-भात, संध्याकाळी दहीभात, रात्री पपी फूड. शिवाय कॅल्शियमचे सिरप दोन वेळा, मल्टिव्हिटॅमिनचे थेंब, लिव्हर टॉनिक आणि हाडे मजबूत व्हावीत म्हणून एखादी पावडर.

चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. घेणाऱ्याला पिल्लू झटपट मोठे, जाडजूड, रुंद छातीचे व्हायला हवे असते, आणि गिऱ्हाइकाला हवे ते तो देतो. सहाव्या महिन्यात पस्तीस किलो भरलेल्या रॉटवायलरचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि बाकीचे मालक आपल्या पिल्लाकडे काळजीने बघू लागतात. खरे तर काळजी त्या फोटोतल्या पिल्लाची करायला हवी.

कुत्र्याची उंची किती आणि हाडापेराने ते केवढे होणार, हे मुख्यतः आईबापांकडून ठरून आलेले असते. जास्त खाऊ घातल्याने ते आणखी मोठे होत नाही. तेवढेच मोठे होते, फक्त लवकर होते आणि वाटेत चरबी अंगावर घेऊन होते. मोठ्या जातींच्या बाबतीत ही घाई नडते. म्हणून या सगळ्या लेखाचा आग्रह एवढाच आहे: पिल्लू सडपातळ ठेवा आणि सावकाश वाढू द्या.

घाई का नको

लॅब्राडॉरचे पिल्लू जन्मते तेव्हा जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅमचे असते. वर्षभरात ते पंचवीस-तीस किलोचे होते. माणसाला वाढायला पंधरा-सोळा वर्षे लागतात, याचे बहुतेक काम बारा महिन्यांत उरकते. या काळात पायाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. तिथे अजून पक्के हाड नसते, मऊ कूर्चा असते. मोठ्या जातींत या पट्ट्या साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बंद होतात; ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अतिमोठ्या जातींत त्याहूनही उशीर होतो. तोवर सांध्यांवर पडणारा प्रत्येक जादा किलो या कच्च्या जागांवर पडतो.

खुब्याचा सांधा सैल राहणे, म्हणजे हिप डिस्प्लेजिया, हा आजार पुष्कळसा आनुवंशिक आहे. कोपराचा डिस्प्लेजिया आणि कूर्चेचा तुकडा सुटण्याचा आजार यांतही घराण्याचा वाटा मोठा. पण आईबापांकडून आलेला दोष किती उफाळेल, हे खाण्यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७४ मध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही पिल्लांना हवे तेवढे खाऊ दिले, काहींना मोजून, कमी. भरपेट खाणाऱ्या पिल्लांत हाडांचे आणि सांध्यांचे दोष ठळकपणे जास्त दिसले. पन्नास वर्षे होऊन गेली तरी हा धडा आपल्याकडच्या चिठ्ठीवर अजून पोहोचलेला नाही.

दुसरा अभ्यास लॅब्राडॉरचा, आणि तो प्रत्येक लॅबवाल्याने माहीत करून घ्यावा असा आहे. अठ्ठेचाळीस पिल्ले घेतली आणि एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणे दिले, आणि हे त्यांच्या मरणापर्यंत चालू ठेवले. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य तेरा वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे सव्वाअकराच्या आत. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. यातली खरी मेख पुढे आहे. जास्त खाणारी कुत्री काही चालता न येण्याइतकी लठ्ठ नव्हती. आपल्या सोसायटीच्या बागेत दिसतात तशीच, 'खात्यापित्या घरची' होती. आणि हा अभ्यास केला तो कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या प्युरिना कंपनीने. विकणाराच कमी खायला घाला म्हणतो, तेव्हा ऐकलेले बरे.

काटा नंतर, हात आधी

मालक सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न असा: चार महिन्यांच्या लॅबचे वजन किती हवे? याचे नेमके उत्तर कुणी दिले तर त्यावर फार विसंबू नका. पूर्ण वाढलेली लॅब मादी पंचवीस किलोचीही असते आणि नर छत्तीसचाही. दोन्ही निरोगी असू शकतात. या दोघांचे चौथ्या महिन्यातले वजन एक कसे असेल? रॉटवायलरमध्ये तर नर-मादीतच दहा-बारा किलोंचा फरक पडतो. म्हणून पशुवैद्यक अंगाची ठेवण बघून एक ते नऊ गुण देतात. एक म्हणजे नुसता सापळा, नऊ म्हणजे अतिलठ्ठ. मोठ्या कुत्र्याला चार-पाच गुण उत्तम. वाढत्या मोठ्या जातीच्या पिल्लाला मी चारच्या बाजूला ठेवीन, पाचच्या पलीकडे नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातली जास्त खाणारी कुत्री या मापात सरासरी पावणेसातच्या आसपास होती, हे लक्षात असू द्या.

हे गुण घरीही देता येतात. पिल्लाला उभे करा. बसलेल्या किंवा लोळणाऱ्या पिल्लाचा अंदाज चुकतो. दोन्ही हातांचे तळवे छातीच्या दोन बाजूंना ठेवा आणि बोटे हलकेच मागेपुढे फिरवा, दाबू नका. आता आपला एक हात पालथा करून टेबलावर सपाट ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून फिरवा. वर पातळ कातडी, खाली हाड चटकन कळते. बरगड्या अशा लागायला हव्यात. मूठ वळून पेरांवरून बोट फिरवले तर हाडे टोकदार लागतात. बरगड्या तशा लागल्या तर पिल्लू वाळलेले आहे. आणि हात उलटून तळव्याच्या बाजूने तीच जागा चाचपली तर हाड शोधायला दाबावे लागते. बरगड्यांना तसे दाबावे लागत असेल तर पिल्लू जाड झाले आहे.

मग वरून बघा. छाती संपली की कमर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघितले तर पोट छातीपासून मागच्या पायांकडे वर चढत गेलेले हवे. अगदी लहान पिल्लाची कमर नीटशी दिसत नाही, पण चौथ्या महिन्यानंतर तिने दिसायला सुरुवात करावी. आखूड केसांच्या लॅबच्या किंवा ग्रेट डेनच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या चालताना पुसटशा दिसल्या तर घाबरायचे कारण नाही. गोल्डन आणि जर्मन शेफर्ड यांच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसाच ठेवू नका, केस सगळे झाकतात. आंघोळ घालताना, केस ओले असताना, कमर खरी दिसते.

एक अपवाद सांगून ठेवतो. लातूर-सोलापूरकडच्या कारवानसारखी शिकारी, धावणाऱ्या जातीची कुत्री अंगकाठीनेच सडसडीत असतात. त्यांच्या दोन-चार बरगड्या आणि कमरेची हाडे दिसणे ही त्यांची घडण आहे. लॅबशी तुलना करून कारवानला गोल करायला जाऊ नये.

उलट बाजूचीही एक खूण लक्षात ठेवा. पोट टम्म फुगलेले, पण बरगड्या आणि कणा वर आलेला, केस रुक्ष. हे जाडीचे लक्षण नाही. बहुतेक वेळा ते जंत असतात. अशा पिल्लाचे खाणे कमी-जास्त करण्याआधी विष्ठा तपासून घ्या आणि जंताचे औषध वेळापत्रकाप्रमाणे झाले आहे ना, ते बघा.

आता काटा. वजन करायचेच, पण आकडा गाठण्यासाठी नाही, चढण बघण्यासाठी. लहानपणी पिल्लाला कडेवर घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. पिल्लू उचलता येईनासे झाले की दवाखान्यातला काटा बरा. गावात तो जवळ नसेल तर पिठाच्या गिरणीतला नाहीतर भुसार दुकानातला काटा चालतो. गिरणीवाले हसतात, पण करू देतात. पंधरा दिवसांनी एकदा, साधारण एकाच वेळी, खाण्याआधी. आकडा कॅलेंडरवर लिहा. २०१७ मध्ये वॉल्थम या संस्थेने पिल्लांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, लहान मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावर असतात तसे वक्र असलेले. पिल्लाने आपला वक्र धरून चालावे, एवढीच अपेक्षा. खालच्या वक्रावर असले तरी बिघडत नाही. खालचा सोडून वरच्या वक्रावर, तिथून आणखी वरच्यावर उड्या मारायला लागले, की ताटली बघायची वेळ आली.

ताटलीचा हिशेब

पुण्यातल्या एका ओळखीच्या घरात सहा महिन्यांचा, वीस किलोचा लॅब आहे. घरचे म्हणतात, 'आम्ही पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच देतो, तरी हा गोल होतोय.' खरेच, पपी फूड ते मोजूनच देत होते. मग दिवसभराचे बाकीचे विचारले. सकाळच्या चहाबरोबर आजोबांकडून चार ग्लुकोज बिस्किटे. दुपारी आजींकडून तूप लावलेली एक पोळी. शाळेतून आल्यावर मुलीकडून उकडलेले अंडे. रात्री झोपताना पेलाभर म्हशीचे दूध, कारण 'दूध नाही दिले तर रडतो'. बिस्किटांचे नव्वद-शंभर कॅलरी, पोळीचे सव्वाशे, अंड्याचे सत्तर-पंच्याहत्तर, दुधाचे दोनशेच्या आसपास. झाले पाचशे. वीस किलोच्या या वयाच्या पिल्लाची दिवसाची गरज तेराशे कॅलरीच्या आसपास असते. म्हणजे मोजून दिलेल्या जेवणावर आणखी एक जेवण रोज चढत होते, आणि चौघांपैकी कुणालाच आपण फार काही देतो असे वाटत नव्हते. खाली वॉचमनही बिस्किटे देतो, ते नंतर कळले.

ही तेराशेची गरज काढायची रीत पशुवैद्यकांची आहे. वजनावरून आधी विश्रांतीची गरज काढतात. दहा किलोला ती साधारण चारशे कॅलरी येते, वीस किलोला साडेसहाशेच्या थोडी वर. चौथ्या महिन्यापर्यंत तिची तिप्पट करायची, त्यानंतर वाढ पुरी होईपर्यंत दुप्पट. आता गंमत बघा. तीन महिन्यांच्या दहा किलोच्या पिल्लाला बाराशेच्या जरा आत लागते. सहा महिन्यांचे होऊन वजन दुप्पट झाले, तरी लागते तेराशेच्या आसपासच. वजन दुप्पट, गरज जेमतेम आठव्या हिश्शाने वाढलेली. पिल्लू वाढते आहे म्हणून दर महिन्याला ताटली वाढवत नेणारी घरे इथेच फसतात. चौथ्या ते आठव्या महिन्यात खाण्याचे माप बरेचसे स्थिर राहते, हे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते.

अर्थात हे सूत्र म्हणजे सुरुवातीचा अंदाज. एकाच वेतातल्या दोन पिल्लांच्या गरजेतही बराच फरक पडतो. अंतिम निकाल बरगड्यांवरच्या हाताचा.

पाकिटावरचा तक्ता वाचताना दोन चुका सर्रास होतात. तक्त्यात कुठे पिल्लाचे आजचे वजन धरलेले असते, कुठे मोठेपणीचे अपेक्षित वजन. ते न बघताच माप घेतले जाते. दुसरे, तिथला आकडा पूर्ण दिवसाचा असतो, एका वेळचा नव्हे. तो दिवसातून तीनदा देणारी घरे मी पाहिली आहेत.

मोजायचे ते वाटीने नाही, ग्रॅममध्ये. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. वाटी शिगोशिग की सपाट, ती भरणारा हात कोणाचा, यावर रोज पन्नास-साठ ग्रॅमचा फरक सहज पडतो. सगळ्यात सोपी युक्ती अशी: सकाळीच दिवसभराचे पूर्ण खाणे मोजून एका डब्यात काढून ठेवा. जेवण त्यातूनच, शिकवताना द्यायचे दाणेही त्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आजोबांना चहाबरोबर काही द्यायचेच असेल तर याच डब्यातले चार दाणे द्यावेत. पिल्लाला बिस्किटाचे नव्हे, आजोबांनी दिल्याचे कौतुक असते. वरचे खाणे द्यायचेच झाले तर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. काकडी, गाजर, उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड हे चांगले. द्राक्षे, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट मात्र एक कणही नको. ते वजनाच्या नव्हे, विषबाधेच्या खात्यात जातात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले.

किती वेळा द्यायचे? तीन महिन्यांपर्यंत चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे कायम दोनदा. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा आजार होतो, म्हणून सगळे खाणे एकाच वेळी देऊ नये. ताटली पंधरा-वीस मिनिटे ठेवायची, उरले तर उचलायचे. दिवसभर भरलेली ताटली समोर ठेवणे ही मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी सगळ्यात वाईट पद्धत. आणि बकाबका गिळणाऱ्याला परातीत पातळ पसरून द्या. त्यासाठी महागडे भांडे आणायची गरज नाही.

बरगड्या लागेनाशा झाल्या तर दिवसाचे माप दहा टक्क्यांनी कमी करा, पंधरा दिवसांनी पुन्हा हात फिरवा. वाळलेले वाटले तर दहा टक्क्यांनी वाढवा. वाढत्या पिल्लाला उपास घडवू नका आणि अर्ध्यावरही आणू नका. आपल्याला वजन उतरवायचे नसते, चढण मंद करायची असते. उंची वाढत राहते आणि पिल्लू हळूहळू आपल्या अंगात बसते.

कॅल्शियमची बाटली

कान उभे राहत नाहीत, पुढचे पाय बाहेर वळतात, मनगट खाली टेकते, पिल्लू लंगडते: या सगळ्यावर आपल्याकडे एकच उत्तर असते, 'कॅल्शियम कमी पडतंय'. पूर्ण आहार असलेले चांगले पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला ते कमी पडत नाही. उलट जास्त होण्याची भीती असते. मोठे कुत्रे गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम आले तर आतड्यातून शोषणे कमी करते. पिल्लाला पहिले काही महिने ते नीट जमत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून हे पुढे आले. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडे बिघडली. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी संस्था म्हणूनच मोठेपणी साधारण बत्तीस किलो आणि त्यावर जाणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात, ओलावा वगळून मोजलेल्या कॅल्शियमची वरची मर्यादा १.८ टक्के ठेवते. इतर कुत्र्यांसाठी ती २.५ आहे.

म्हणून पाकिटावर 'लार्ज ब्रीड पपी' असे लिहिलेले बघून घ्या आणि ते बारा-पंधरा महिन्यांपर्यंत, अतिमोठ्या जातींना दीड-दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. वर सिरप नको, पावडर नको, अंड्याच्या टरफलाची भुकटीही नको. 'प्रोटीन जास्त झाले की हाडे बिघडतात' ही समजूतही सोडून द्या. त्याच विद्यापीठातल्या ग्रेट डेनवरच्या अभ्यासात तसे आढळले नाही. बिघडवतात जादा कॅलरी आणि जादा कॅल्शियम.

याच्या बरोबर उलट अडचण घरच्या जेवणात होते, आणि ती नीट सांगितली जात नाही. नुसता चिकन-भात घ्या. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र, भातातही तीच गत. अशा खाण्यावर वाढणाऱ्या ग्रेट डेनच्या हाडांतून शरीर कॅल्शियम ओढून घेते. हाडे पातळ होतात, वाकतात, कधी साध्या उडीत मोडतात. दूध-पोळीवर, ताक-भातावर वाढणाऱ्या पिल्लांना प्रोटीनही अपुरे पडते आणि म्हशीच्या दुधाने जुलाब होतात ते वेगळेच. इथे बाजारातले सिरप अंदाजाने ओतून भागत नाही, कारण किती हवे ते बाकीच्या जेवणावर ठरते. घरचेच द्यायचे असेल, घर शाकाहारी असेल, तर पोषणाची जाण असलेल्या पशुवैद्यकाकडून ग्रॅमसकट पाककृती लिहून घ्या आणि ती तंतोतंत पाळा. तेवढी शिस्त जमणार नसेल तर पाकिटातले खाद्य बरे. घरच्या जेवणाला माझा विरोध नाही. अंदाजपंचे घरच्या जेवणाला आहे.

लॅबची भूक

लॅबवाल्यांना एक दिलासा आणि एक इशारा. तुमचा लॅब जेवण झाल्या झाल्या पुन्हा ताटलीशी येऊन बघत बसतो, ते नाटक नसते. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट जात नाही. २०२४ मध्ये त्यांनी आणखी पुढचे सांगितले: अशी कुत्री विश्रांतीत इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. भूक जास्त, खर्च कमी. म्हणजे लॅबची भूक हे माप धरलेच तर चुकणार. 'मागतो म्हणून दिले' हे कारण बाकी कुठल्या जातीत चालले तर चालले, लॅबमध्ये नाही.

नसबंदीनंतरही असेच होते. भूक वाढते, गरज कमी होते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत दर पंधरा दिवसांनी हात फिरवा आणि माप उतरवा. ही शस्त्रक्रिया कधी करायची, हाही मोठ्या जातींत विचार करण्याचा मुद्दा आहे. गोल्डन आणि जर्मन शेफर्डवरच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासांत, एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे आजार जास्त दिसले. आपल्या पिल्लापुरता निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या.

पळवून वजन उतरवू नका

जाड झाले म्हणून पिल्लाला स्कूटरच्या मागे पळवणारे लोक रस्त्यात दिसतात. कच्च्या सांध्यांना यापेक्षा वाईट काही नाही. पिल्लाचे वजन ताटलीत सांभाळायचे, रस्त्यावर नाही. वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटे चालवा, असा एक नियम सांगतात. त्यामागे भक्कम संशोधन नाही, पण त्यातली सावधगिरी चांगली आहे. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत जिन्यांवरून चढउतार करणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेजियाचा धोका जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे खेळणाऱ्यांत कमी. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत लहान पिल्लाला उचलून न्या. गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या, रबरी मॅट टाका. घसरून चारी पाय फाकणे रोजचे होऊ देऊ नका. सोफ्यावरून, गाडीतून उडी मारू देऊ नका. मैदानात, मातीत, गवतात त्याला हवे तेवढे बागडू द्या आणि दमले की बसू द्या. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा. डांबर तापलेले असताना अजिबात नाही. पावसाळ्यात फिरणे बुडते, त्या आठवड्यांत ताटलीतले माप थोडे कमी करायला विसरू नका.

पिल्लू सशासारखे दोन्ही मागचे पाय जोडून पळत असेल, बसताना एक पाय बाजूला टाकत असेल, उठताना वेळ लावत असेल, आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडत असेल, तर वजन कितीही असो, डॉक्टरांना दाखवा. जर्मन शेफर्डमध्ये पाय बदलत लंगडणे हाडांच्या सुजेने होते आणि वाढीबरोबर बरेदेखील होते, पण ते ठरवायला तपासणी लागते, कधी एक्स-रे लागतो. घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड खलास करतात.

शेजारी म्हणतील, 'हडकलाय हो तुमचा, खायला घालत नाही का?' त्यांना त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायला सांगा, नाहीतर हसून पुढे चला. पुढच्या लसीकरणाला जाल तेव्हा मात्र डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: वजन किती, आणि नऊपैकी गुण किती. दोन्ही आकडे फाइलवर तारखेसकट लिहून घ्या, आणि ब्रीडरची ती चिठ्ठी व टॉनिकच्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या. त्यातले काय चालू ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे, ते त्यांच्यासमोरच ठरवा.